सिकलसेलची टेस्ट की पॉलिजेनिक स्कोर, आधी काय करावं?

पुण्याच्या भाच्यानं थुंकी पाठवून डीएनए टेस्ट केली, रिपोर्टमध्ये पॉलिजेनिक स्कोरवरून (अनेक जीनमधले बारीक फरक जोडून काढलेला अंदाज) शुगरचा धोका जास्त आला, तेव्हापासून घरात सगळे विचारतात आपणही करायची का. माझं म्हणणं, आधी सिकलसेलची करा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होतात त्या मायबापाकडून येणाऱ्या आजाराची. ती एकाच जीनची गोष्ट, उत्तर सरळ मिळते, एए (आजार नाही), एएस (वाहक, एकाच बाजूनं बिघडलेला जीन आलेला) नाहीतर एसएस (आजार), आणि नवरा-बायको दोघंही एएस असले तर दर बाळंतपणात लेकराले एसएस व्हायचा चान्स २५ टक्के, हे सोयरीक जुळवायच्या आधी माहीत असलं तर किती फरक पडते पहा! सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची पहिली साधी तपासणी) होते, पॉझिटिव्ह आली की एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी तपासणी) करून पक्कं करतात. २०२३ पासून सरकारचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे, सिकलसेल जास्त असलेल्या आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांसाठी, तरी आपल्याकडं पोरीचं लग्न मोडीन म्हणून लोक लपवतात, याचं लई वाईट वाटते.

पॉलिजेनिक स्कोरमध्ये हजारो, कधी लाखो जागचे बारीक फरक जोडून फक्त कल सांगतात. त्यातही बहुतेक स्कोर युरोपियन वंशाच्या लोकांच्या डेटावर बनलेले, आपल्यावर तितके नीट बसत नाहीत. हार्टसाठी बीपी-कोलेस्टेरॉलसोबत धरला तर थोडी मदत होते, मान्य. पण शुगरसाठी मायबापाची हिस्ट्री, कंबरेचं माप अन् एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) पहिले पहा.