मुरघासाचे गठ्ठे की मालदांडीचा कडबा : दूध न देणाऱ्या जनावरांना काय परवडते

आमच्याकडे खिलार बैलांची एक जोडी, दोन भाकड गाई आणि तीन कालवडी आहेत. यांतले एकही जनावर आज दूध देत नाही. म्हणजे चाऱ्यावर होणारा खर्च रोजच्या रोज भरून निघत नाही, आणि तरीही त्यांना उपाशी किंवा अर्धपोटी ठेवणे मनाला पटत नाही. म्हणून या वर्षी प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळलेला मक्याचा विकतचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) आणि मंगळवेढ्याकडचा मालदांडी ज्वारीचा कडबा असे दोन्ही घेतले, दोन्ही वजन करून खाऊ घातले आणि हिशेब लिहून ठेवला. किलोमागचे सर्व दर गाडीभाडे धरून आहेत.

मुरघासाचे बारा गठ्ठे मागवले. प्रत्येकावर ६० किलो लिहिलेले होते आणि दर किलोला ७ रुपये होता, म्हणजे ७२० किलोचे ५,०४० रुपये मोजले. गावातल्या काट्यावर एकेक गठ्ठा ठेवून पाहिला, तेव्हा एकूण वजन ६६४ किलो भरले. विक्रेत्याला विचारले असता, लिहिलेले वजन भरतानाचे असते आणि नंतर पाणी उडते, असे उत्तर मिळाले. परंतु हवाबंद गठ्ठ्यातून प्रत्येकी साडेचार किलो पाणी उडत असेल, तर तो गठ्ठा हवाबंद नाही एवढाच त्याचा अर्थ होतो. दोन गठ्ठ्यांची फिल्म वाहतुकीत फाटलेली होती. तिथे हाताच्या पंजाएवढा भाग काळा पडून त्यावर पांढरी बुरशी धरली होती, आणि तिच्या आजूबाजूचा मालही काढावा लागल्याने सुमारे २० किलो चारा उकिरड्यावर गेला. ते गठ्ठे बदलून मिळाले नाहीत.

उरलेल्या मालाबद्दल मात्र चांगलेच लिहिले पाहिजे. विळ्याने फिल्म कापताच आंबट-गोडसर वास आला, रंग पिवळसर हिरवा होता, आणि मूठभर चारा दाबून सोडला असता हाताला ओल लागली तरी पाणी ठिबकले नाही. चांगल्या मुरघासाची ही ओळख आहे. अमोनियासारखा उग्र वास येत असेल किंवा चारा चिकट लागत असेल, तर तो जनावरापुढे टाकू नये. कालवडींनी पहिल्याच दिवशी गव्हाण चाटून पुसून साफ केली. एक दोष आठवड्याभराने दिसला : शेणात मक्याचे अख्खे दाणे येऊ लागले. कापणी करताना दाणा फुटला नसेल, तर तो पचल्याविना बाहेर पडतो आणि ज्या दाण्यासाठी आपण जास्त पैसे मोजतो, त्यातलाच काही भाग वाया जातो.

आता खरा मुद्दा. मुरघासात जास्त भाग पाण्याचा असतो, त्यामुळे किलोचा दर पाहून तुलना करणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे आहे. अर्धा किलो मुरघास लोखंडी तव्यावर मंद आचेवर, करपू न देता, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवला. १४० ग्रॅम उरला, म्हणजे कोरडा भाग २८ टक्के. मक्याची कापणी दाणा चिकातून घट्ट होत असताना, वेळेवर झाली असेल तर हे प्रमाण ३० ते ३५ टक्के यायला हवे. वजनातली तूट आणि फेकलेला माल धरता, कोरड्या चाऱ्याचा एक किलो मला सुमारे २८ रुपयांना पडला.

कडबा शेकड्याने विकला जातो आणि पेंढीचे वजन कोणी सांगत नाही. मी २,६०० रुपये शेकड्याने पाचशे पेंढ्या घेतल्या, गाडीभाडे १,५०० रुपये झाले. गंजीच्या वरून, मधून आणि तळातून मिळून दहा पेंढ्या काढून तोलल्या, तर १७ किलो भरल्या. वरच्या पेंढ्या पाहून सौदा करू नये हे इथे आवर्जून सांगतो, कारण अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर आतला कडबा काळा पडलेला असतो. माझ्या मालाची पात टिकून होती आणि ताट (ज्वारीचे खोड) चावल्यावर गोडी लागत होती. ८५० किलोला १४,५०० रुपये, म्हणजे किलोला १७ रुपये. त्यात कोरडा भाग ९० टक्के धरला तर १९ रुपये. मात्र कडबा कुट्टी करूनच, म्हणजे बारीक तुकडे करूनच घालावा. अख्खी पेंढी टाकली की जनावर पात ओरबाडून खाते आणि बुडखे गव्हाणीत तसेच राहतात.

कडब्याची उणीव प्रथिनांची आहे : तो जेमतेम चार टक्के प्रथिने देतो, तर मक्याच्या मुरघासात ती आठ टक्क्यांच्या आसपास असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक मोठ्या जनावराला रोज एक किलो सरकी पेंड दिली, जी मला ३६ रुपये किलोने मिळाली. पेंड घेताना तिचा तुकडा काचेच्या पेल्यात पाण्यात विरघळू द्यावा. तळाशी वाळू साठली, तर ते पोते परत करावे. चारशे किलोच्या गाईला दिवसाला सुमारे नऊ किलो कोरडा चारा धरला, तर दहा किलो कडब्याचे १७० आणि पेंडीचे ३६ मिळून २०६ रुपये होतात. तेवढाच कोरडा चारा नुसत्या मुरघासातून द्यायचा तर ३२ किलोला २५० रुपये लागतात. खनिज मिश्रण आणि मीठ दोन्हीकडे सारखेच द्यावे लागते, म्हणून ते हिशेबात धरलेले नाही. दोन महिन्यांत कडबा आणि पेंडीवर बैलांची अंगकाठी उतरली नाही, गाईंच्या बरगड्या झाकलेल्या राहिल्या.

या काळात शेजारच्या एकाने उसाचे वाढे (शेंड्याकडची हिरवी पाने) जवळजवळ फुकट देऊ केले होते. काही दिवस घेतले, पण वाढ्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे केवळ त्यावर जनावर ठेवणे मला योग्य वाटत नाही. कडब्यात मिसळून थोडे देणे ठीक.

तेव्हा भाकड गाई, बैल आणि वाढत्या कालवडी यांच्यासाठी मी यापुढे कडबाच घेणार आहे, आणि तोही फाल्गुनात, ज्वारीची काढणी चालू असताना थेट शेतातून, कारण उन्हाळा चढू लागला की शेकड्याचा दरही चढतो. मोठी कालवड श्रावणात वितेल, तेव्हा तिच्या दुधापुरते मुरघासाचे गठ्ठे पुन्हा मागवीन. फक्त त्या वेळी गाडी रिकामी होण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याची फिल्म पाहून, कोणतेही तीन गठ्ठे काट्यावर ठेवून, आणि भरलेल्या वजनाचेच पैसे देण्याचे आधी ठरवून.