शॅनन घ्यावा की सिम्पसन: सड्यावरची मोजणी करणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, क्वाड्रेट (मोजणीची चौकट) टाकून रोपं मोजून झाली, तक्ता भरला, की पुढचा प्रश्न ठरलेला: विविधतेचा आकडा शॅननने काढायचा की सिम्पसनने? जाती किती आणि रोपं त्यांच्यात कशी वाटली गेली आहेत, हे एका आकड्यात सांगणारे हे दोन निर्देशांक. सूत्रं तुम्हाला ठाऊक असतीलच, त्यात शिरत नाही. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका सड्यावर मी सलग चार पावसाळे मोजणी केली. पहिली दोन वर्षं शॅनन वापरला, मग सिम्पसनकडे वळलो. तुमची जागा वेगळी असेल तर तुमचा निर्णयही वेगळा होऊ शकेल, हे आधीच मान्य करतो.

शॅननची मोठी जमेची बाजू म्हणजे तो दुर्मीळ जातींची दखल घेतो. आपल्याकडे ही लहान गोष्ट नाही. जांभ्याच्या खळग्यात चार बोटं माती असते. तिच्यात सीतेची आसवं आणि गेंद ही इवली रोपं शेकड्यांनी उगवतात आणि मध्येच कुठे एखादी दुर्मीळ दीपकाडी उभी असते. ती जपायची म्हणून तर आपण भिजत तिथवर जातो. सिम्पसनमध्ये प्रत्येक जातीच्या वाट्याचा वर्ग होतो. शंभरात एक रोप असलेल्या जातीच्या नावावर दहा हजारात एक एवढंच जमा होतं. ती असली काय नि नसली काय, आकडा हलत नाही. सुरुवातीला मला हे पटतच नव्हतं.

शॅननच्या सूत्रात लॉग (लॉगॅरिदम) येतो, त्याच्या पायाची भानगड बहुतेकांना माहीत असते, तरी एक उदाहरण देतो. शंभर रोपं, पाच जाती: ५०, ३०, १०, ५, ५. नैसर्गिक लॉग घेतला तर १.२४, दहाच्या पायाने ०.५४, दोनच्या पायाने १.७९. जुन्या अहवालात पाया लिहिलेला नसेल तर त्यातल्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहता येत नाही. सिम्पसनचीही तीन रूपं चालतात, वर्गांची मूळ बेरीज, एकातून वजा केलेली आणि उलटी केलेली (एक भागिले बेरीज), म्हणून तिथेही कोणतं रूप ते लिहावंच लागतं. या बाबतीत दोघांना सारखेच गुण देईन.

माझा निर्णय झाला तो फूल न आलेल्या रोपांपायी.

जुलैचा शेवट होता. चौकट खडकावर, गुडघ्याखाली गोणपाट, सोबतचा मुलगा छत्री धरून उभा आणि मी भिंग डोळ्याला लावून ओणवा. चौकटीच्या एका कोपऱ्यात बोटभर उंचीची तीन रोपं होती. पानं अरुंद, खाली गुच्छ केलेली, फुलाचा पत्ता नाही. गेंदाच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या तर फुलं आणि बी भिंगाखाली धरावी लागते, नुसत्या पानांवरून नाव सांगण्याचं धाडस मी करत नाही. वहीत लिहिलं: अनोळखी १, अनोळखी २, अनोळखी ३. संध्याकाळी घरी बसल्यावर प्रश्न पडला की या तीन जाती धरायच्या की एकाच जातीची तीन रोपं? चवथीनंतर पुन्हा गेलो तोवर गुरांनी तो कोपरा चरून साफ केला होता.

वरच्याच उदाहरणात ही तीन रोपं घालून पाहा. तिन्ही एका जातीची धरली तर शॅनन १.३३ येतो, तीन वेगळ्या जाती धरल्या तर १.३७. फरक चिमूटभर वाटेल. पण सड्याचा कुंपणाआडचा भाग आणि गुरांना मोकळा असलेला भाग यांच्यातला माझा त्या वर्षीचा फरकही जवळपास तेवढाच निघाला होता. म्हणजे दोन वर्षांच्या भिजण्यातून काढलेला निष्कर्ष माझ्या एका अंदाजावर टेकला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. उलट्या सिम्पसनमध्ये तोच फरक २.९८ आणि २.९९ इतका राहतो. दुर्मीळ जातींकडे काणाडोळा करतो म्हणून ज्याच्यावर माझा राग होता, त्याच गुणामुळे तो माझ्या अज्ञानानेही डळमळत नाही.

दुसरं कारण पावसाचं. एका फेरीत कधी वीस चौकटी होतात, कधी सरी थांबतच नाहीत आणि अकरावर परतावं लागतं. नमुना लहान पडला की शॅननचा आकडा सहसा खाली राहतो. सिम्पसनची १९४९ सालची मांडणी, एकाच जातीच्या रोपांच्या जोड्या मोजणारी, रोपांची संख्या कमी असली तरी सरासरीने एका बाजूला झुकत नाही. झाडं ओळखणारा अनुभवी माणूस सोबत असेल आणि सप्टेंबरात, सगळं फुललेलं असताना, भरपूर चौकटी टाकता येत असतील तर शॅनन खुशाल घ्या. तेव्हा तो जास्त काही सांगून जाईल.

आणखी एक गोष्ट, तिला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा. पंचायतीच्या जैवविविधता समितीपुढे मला एकदा हा आकडा समजावून सांगायचा होता. शॅनन म्हणजे पुढचं रोप कोणत्या जातीचं निघेल याची अनिश्चितता, हे मराठीत सांगता सांगता माझीच दमछाक झाली. सिम्पसन एका वाक्यात सांगता आला: डोळे मिटून दोन रोपं उपटली तर ती एकाच जातीची निघण्याची शक्यता किती? वरच्या उदाहरणात शंभर वेळा केलं तर साधारण पस्तीस वेळा. एका वयस्क सदस्यांनी लगेच विचारलं, ‘म्हणजे हा आकडा वाढला तर सडा बिघडला?’ बहुतेक वेळा हो, एवढंच मी म्हणालो.

बहुतेक वेळा, कारण कोणती जात हे दोन्ही निर्देशांकांना कळत नाही. दहा गेंद जाऊन तिथे दहा रानमोडी (बाहेरून आलेलं तण) आली तरी दोघांचाही आकडा तोच राहील. म्हणून जातींची यादी नावानिशी, रोपांच्या संख्येसकट जोडतोच. दीपकाडीसाठी तर वेगळी वही ठेवली आहे आणि तिच्यासाठी पाऊस सुरू झाल्या झाल्या स्वतंत्र फेरी मारतो. गेल्या पावसाळ्यात त्या वहीत सात रोपं नोंदली, त्यातली दोन फुलावर होती.