गोडी छाटणी ते खरड छाटणी : लॅपटॉपच्या झोपेचा अनुभव

आमच्याकडे वर्ष द्राक्षाच्या छाटणीवरून मोजतात, म्हणून तसंच सांगतो. गोड्या छाटणीला, म्हणजे ऑक्टोबरात, लॅपटॉपवर डेबियन 13, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, टाकलं. आता खरड छाटणी, म्हणजे एप्रिलची, उरकत आलीय. राहायला नाशकात असलो तरी माझा दिवस जातो दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, निर्यातीच्या मालाच्या फवारणीच्या नोंदी करत. दिवसातून वीसेक वेळा झाकण उघडायचं, दोन ओळी भरायच्या, झाकण लावायचं, बॅग पाठीला, गाडीला किक. प्रोसेसर किती वेगवान याच्याशी मला देणंघेणं नाही. झाकण लावल्यावर हा गडी झोपतो का, एवढंच बघायचं.

पहिले तीन आठवडे झोपत नव्हता. म्हसरूळ सोडून दिंडोरीकडे निघालो की पाठीला ऊब लागायची. मला वाटायचं ऊन. एकदा मोहाडीच्या एका बागेत बॅग उघडली, तर शेजारी उभे असलेले बागायतदार लॅपटॉपला हात लावून म्हणाले, "साहेब, मशीनला ताप आलाय." आला होताच. पंखा फिरत होता आणि बॅटरी 38 टक्क्यांवर होती. घरून शंभर करून निघालो होतो.

इथे दोन वेगळे घोटाळे एकमेकांत अडकले होते, आणि ते सुटे करण्यातच माझे दिवस गेले.

पहिला झोपेच्या प्रकाराचा. लिनक्समध्ये 'मेम-स्लीप' नावाची एक इवलीशी फाइल असते. ती वाचली की तुमचं मशीन कोणकोणत्या प्रकारे झोपू शकतं ते दिसतं, आणि चालू प्रकार चौकटी कंसात असतो. माझ्याकडे कंसात होतं 'एस-टू-आयडल', बाहेर 'डीप'. एस-टू-आयडल म्हणजे डुलकी: प्रोग्रॅम गोठतात, प्रोसेसर निवांत बसतो, पण घरातले दिवे पूर्ण मालवलेले नसतात. डीपमध्ये जवळजवळ फक्त रॅमला वीज मिळते. यात डेबियनला बोल लावण्यात अर्थ नाही. डुलकीच बरी, असं लॅपटॉपचं फर्मवेअर (मशीनमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर) सांगतं आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते ऐकतं. ग्रबच्या (मशीन चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये कर्नलच्या ओळीत 'मेम-स्लीप-डिफॉल्ट'ला 'डीप' दिलं, अपडेट-ग्रब चालवलं. आधी रात्री अकरा ते सकाळी सहा 26 टक्के बॅटरी जायची, आता 3 जाते. जाग यायला एकाऐवजी चार-पाच सेकंद लागतात, चालतं. मात्र बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये 'डीप' हा शब्दच त्या फाइलमध्ये नसतो. तिथे हा उपाय लागू नाही; बायॉसमध्ये झोपेचा प्रकार निवडायची सोय आहे का तेवढं बघा.

एवढं करूनही बॅग गरम व्हायचीच, पण फक्त गाडीवर. घरी कधीच नाही. जर्नल, म्हणजे सिस्टमची नोंदवही, काढून वेळा बघितल्या, तर झोप-जाग-झोप-जाग अशी रांग, आणि सगळ्या वेळा रस्त्यावरच्या. चोर निघाला वायरलेस माऊसचा रिसीव्हर. तो मी यूएसबीत तसाच ठेवायचो आणि माऊस बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. हा रिसीव्हर स्वतःला कीबोर्ड म्हणूनही मिरवतो, आणि कीबोर्डला मशीन उठवायचा हक्क आपोआप मिळतो. खड्डा आला की माऊस हलायचा, लॅपटॉप उठायचा, झाकण बंद बघून पुन्हा पडायचा. दिंडोरी रोडवर किती वेळा उठला असेल याचा हिशेब नको.

एसीपीआय (वीज आणि झोपेचा कारभार बघणारी व्यवस्था) हिच्या 'वेकअप' यादीत यूएसबी कंट्रोलरचं नाव लिहिलं की तो हक्क जातो. पण गंमत बघा, तेच नाव पुन्हा लिहिलं की हक्क परत येतो! मी ती ओळ दोन ठिकाणी घालून ठेवली होती, त्यामुळे एक दिवस सगळं परत पहिल्यासारखं. आता मशीन चालू होताना आपोआप चालणाऱ्या एकाच सिस्टमडी सर्व्हिसमध्ये आहे. आणि हो, रिसीव्हर काढून खिशात ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय मला सर्वांत शेवटी सुचला.

चार्जिंगसाठी टीएलपी हा बॅटरी सांभाळणारा प्रोग्रॅम टाकला आणि 80 टक्क्यांवर थांबवलं. छान चालतं, पण ही सोय तुमच्या लॅपटॉपचा ड्रायव्हर साथ देत असेल तरच. टीएलपी आणि तसंच काम करणारा पॉवर-प्रोफाइल्स-डीमन एकत्र ठेवू नका, दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. वीज कुठे जाते ते दाखवणारा पॉवरटॉप बघण्यापुरता उत्तम. त्याचा ऑटो-ट्यून लावला तर माऊस दोन सेकंद न हलवता ठेवला की झोपी जायचा. काढून टाकला.

हायबरनेटला, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करण्याला, मात्र पाचपैकी तीनच गुण. 16 जीबी रॅमसाठी स्वॅप, म्हणजे डिस्कवरची त्यासाठीची जागा, वाढवलं आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारं कुलूप) बंद करावं लागलं, कारण ते चालू असताना कर्नल हायबरनेट करूच देत नाही. हे बंद करणं मला अजून पटलेलं नाही. आता झाकण लावलं की आधी डीप, दीड तासाने हायबरनेट. जेवायला एखाद्या मळ्यात रेंगाळलो की डिस्कवर जाऊन पूर्ण बंद.

मग उघडल्यावर डिस्कची एन्क्रिप्शन पासफ्रेज मागतो. माझी चांगली सव्वीस अक्षरी. एप्रिलचं ऊन, स्क्रीन दिसत नाही, दोनदा चुकलो. बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन उभे असलेले काका म्हणाले, "साहेब, अख्खा सातबारा टाकताय का?"