माशांच्या टँकसाठी ‘पाणी तपासून देतो’ म्हणणाऱ्याने माझे १४,७०० रुपये नेले

रक्कम आधीच सांगते, कारण घरात अजूनही कुणी विचारलं की मी ‘दहा-बारा हजार’ म्हणते. खरा आकडा १४,७००. त्यात आरओ युनिट ७,८००, ‘बफर पावडर’च्या तीन पुड्या प्रत्येकी १,२०० म्हणजे ३,६००, ‘पीएच मायनस’च्या दोन बाटल्या ९००, आणि निऑन टेट्रा जातीचे मासे दोनदा, २०-२० नग, ६० रुपयांना एक, म्हणजे २,४००. काचेची टाकी, फिल्टर, दिवा याचे ५,४०० वेगळे; ते मी धरत नाही, ती वस्तू खरी होती.

आम्ही पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका सोसायटीत राहतो. पाणी बोअरचं आणि टँकरचं. गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी पांढरी होऊन जाते, नळांवर क्षार चढतात. मुलीची दहावी झाली, तिला मासे हवे होते. दुकानदार म्हणाला, “ताई, तुमच्याकडचं पाणी जड. आमचा माणूस येऊन फुकट टेस्ट करेल.” फुकट शब्द ऐकल्यावर सावध व्हायचं, हे मी दुसऱ्यांना सांगत आले आहे. पण पाणी जड आहे हे त्याचं म्हणणं खरंच होतं, म्हणून पुढचंही खरं वाटलं.

तो माणूस आला, ओट्यावर दोन ग्लास ठेवले. एकात नळाचं पाणी. आणि दुसऱ्यात, हे मी शंभरदा मनात फिरवलं आहे, त्याने आमच्याच भिंतीवरच्या प्युरिफायरचं पाणी घेतलं. मी स्वतः तोटी उघडून दिली. मग विजेवर चालणारं दांड्यांचं यंत्र दोन्ही ग्लासांत बुडवून सुरू केलं. नळाचं पाणी दोन मिनिटांत तपकिरी-हिरवं, गाळ वर आला. प्युरिफायरचं तसंच स्वच्छ. “या घाणीत मासे सोडणार?” मुलीचा चेहरा उतरला आणि मी पैसे भरले. आरओचे ७,८००!

ज्या आरओचं पाणी ‘चांगलं’ म्हणून त्याने दाखवलं, तो आरओ माझ्या घरात होताच. तिथेच, त्या ओट्यापाशी, मला कळायला हवं होतं. विचारलं नाही असं नाही. तो म्हणाला, “पिण्याचा वेगळा, माशांचा वेगळा.” मी रोज लोकांची बिलं तपासते, एकाच मालाची दोन बिलं लगेच पकडते. पण रसायनशास्त्र माझं काम नाही, आणि समोरचा माणूस डोळ्यांदेखत गाळ काढून दाखवत होता.

त्या यंत्रात लोखंडाची दांडी असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि तोच गंज वर येतो. पाण्यातली घाण नव्हेच ती. आमच्या सोसायटीतल्या रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, दोन खिळे आणि नऊ व्होल्टची बॅटरी लावली. तसाच गाळ आला. कुणी हे यंत्र घेऊन आलं तर दुसऱ्या ग्लासात मीठ टाकायला सांगा.

टाकी ६० लिटरची. ती संपूर्ण आरओच्या पाण्याने भरून त्याच दिवशी २० मासे सोडायला लावले. आठवड्याने मासे मलूल झाले. फोन केला तर “ताई, आरओचं पाणी कोरडं असतं, त्याला बफर लागतो.” म्हणजे आधी ७,८०० घेऊन पाण्यातले क्षार काढले आणि आता १,२०० ला एक पुडी करून तेच परत विकले. पुडीवर नाव नाही, वजन नाही, किंमत नाही. दोन चमचे टाकायला सांगितले. रात्रीत ११ मासे मेले. उरलेले पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, कल्ले लाल झाले होते. आठवड्याअखेर तीन राहिले.

कारण नंतर कळलं. नव्या टाकीत माशांच्या घाणीचा अमोनिया साचतो. तो पचवणारे जीवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पीएच (हा आकडा जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) कमी असतो तोवर तो बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पीएच एकदम वर नेला की त्याचंच विष होतं. पुडीत होता खायचा सोडा, पीएच वर नेणारा. लिंबू पिळलं तर फसफसला, जिभेला लावला तर चव तीच. वाण्याकडे शंभर ग्रॅमची पुडी तीस रुपयांच्या आत मिळते. १०० लिटर पाण्याचा केएच, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, एका अंशाने वाढवायला साधारण तीन ग्रॅम सोडा पुरतो, तोही थोडा थोडा, दोन-तीन दिवसांत.

मासे मेल्यावर ‘पीएच मायनस’ आलं. ते आम्ल. टाकलं की पीएच उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. केएच शिल्लक आहे तोवर असंच होणार. आणि ती संपली की पीएच एकदम कोसळतो. मी तीन आठवडे एका हाताने सोडा, दुसऱ्या हाताने आम्ल टाकत होते. दुसऱ्या २० पैकी चार वाचले.

बाटलीवरच्या पीएचच्या मागे लागू नका. केएच मोजायचं थेंबांचं किट घ्या. आमचं नळाचं पाणी १३ थेंबांना निळ्याचं पिवळं झालं, आरओचं पहिल्याच थेंबाला. दोन भाग आरओ आणि एक भाग नळ मिसळलं की चार-पाच थेंबांना. एवढंच करायचं होतं, घरातल्या प्युरिफायरवर! पाणी बादलीत एअर पंप लावून रात्रभर ठेवा, मग पीएच मोजा. नळातून काढल्या काढल्या मोजलेला आकडा फसवतो. पालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायचं औषध टाकल्याशिवाय टाकीत ओतू नका.

आता तक्रारीचं. दुकानदार म्हणाला, “मासे तुम्ही जास्त खायला घालून मारले.” पोलीस चौकीत हवालदारांनी आधी विचारलं, “मासे मेले म्हणून आलात?” मी म्हटलं, पैसे गेले म्हणून आले. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्यांदा गेले तर अर्जच सापडेना. मग वजनमापवाल्यांकडे. कायद्याने पाकिटावर उत्पादकाचं नाव, वजन, किंमत हवीच. माझ्या पुडीवर काहीच नव्हतं, याहून स्पष्ट पुरावा कोणता? तिथले साहेब म्हणाले, “नावच नाही, तर नोटीस कुणाला काढू?” दुकानाचा पत्ता मी लिहून दिला होता! बिल मागितलं. बिल कच्चं, साध्या कागदावर, त्यावर ‘सामान’ एवढाच शब्द. ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली, तीन आठवड्यांनी ‘विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही’ म्हणून ती बंद झाली. प्रतिसाद देत नाही हीच तर माझी तक्रार होती. अर्ध्या दिवसाच्या चार रजा गेल्या, त्यांचा हिशेब वरच्या आकड्यात नाही. पक्कं बिल घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, मी तिथे जाणार आहे. यूपीआयच्या नोंदी आणि न फोडलेली तिसरी पुडी जपून ठेवली आहे.

गेल्या रविवारी बी विंगखाली त्या माणसाची स्कूटर दिसली, मागे तीच यंत्राची पेटी. मी हे सगळं थोडक्यात लिहून लिफ्टजवळच्या फळ्यावर लावलं. दोन तासांत सेक्रेटरींनी काढून टाकलं, सोसायटीच्या पाण्याची बदनामी होते म्हणून.