खुष्कीची मोहीम आणि विज्ञानाचा तास: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एक गाडी, चार जणांचा चमू, हजारो किलोमीटरचा खुष्कीचा रस्ता आणि इंटरनेटच्या दुसऱ्या टोकाला सातवी ते नववीचे वर्ग. अशी मोहीम आठ महिने वर्गात वापरून झाली, त्यावर हे लिहितोय. गाडीवर ट्रॅकर, हवेचे सेन्सर आणि सॅटेलाइट संपर्क. शाळेत तशाच सेन्सरचा दुसरा संच, रोजची डेटा फाइल, आठवड्याचं टिपण आणि पंधरवड्याला एक लाइव्ह कॉल.

निकाल आधीच सांगून टाकतो. लाइव्ह कॉलला पाचपैकी दोन, डेटा फाइलला चार, आणि माहितीपत्रकात जिचा धड उल्लेखही नव्हता त्या सावलीच्या काठीला पाच.

कल्पना तशी जुनी आहे. समुद्रशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांनी १९८९ मध्ये जेसन प्रकल्प सुरू केला तो समुद्रतळावरची दृश्यं थेट विद्यार्थ्यांपर्यंत पोचवण्यासाठी. १९९५ च्या मायाक्वेस्टमध्ये सायकलवरच्या चमूने पुढे कुठे जायचं यावर मुलं ऑनलाइन मत देत. मुलं गुंतायला एवढं पुरतं. विज्ञान शिकायला मात्र मुलांनी स्वतः काहीतरी मोजावं लागतं, आणि तेच मोजमाप त्याच दिवशी गाडीपाशीही व्हावं लागतं. कार्यक्रम घेताना आम्ही हे विचारलं नव्हतं. सुदैवाने चमूने ऐकलं.

लाइव्ह कॉल

पहिल्या दोन कॉलमध्ये व्हिडिओ वापरला आणि दोन्ही फसले. चित्र अडकतं, आवाज तुटतो, डेटाचा कोटा उडतो आणि मागच्या बाकांवर गडबड सुरू होते. अँटेना आकाशाकडे नीट रोखलेली नसली किंवा मध्ये झाड आलं की संपलंच. तिसऱ्या कॉलपासून फक्त आवाज ठेवला: बारा मिनिटं, सहा प्रश्न, तेही दोन दिवस आधी लिहून पाठवलेले. गाडीकडून तीन स्थिर फोटो आदल्या रात्री यायचे आणि ते फळ्याशेजारी लावलेले असायचे. यानंतर एकही कॉल पूर्ण वाया गेला नाही.

भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहावरून बोलताना आवाज उशिरा पोचतो, मुलं मध्येच बोलतात आणि दोन्हीकडचे शब्द एकमेकांवर आदळतात. बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचा नियम केला की हे थांबतं. पण त्याआधी तो उशीर मुलांना मोजू द्या. उपग्रह ३५,७८६ किमी उंचीवर असतो. वर आणि खाली मिळून सुमारे ७१,६०० किमी, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने ०.२४ सेकंद. प्रश्न जाऊन उत्तर यायला त्याच्या दुप्पट. वर्गात घड्याळ लावून मोजलं की आकडा याहून जास्त येतो, कारण वाटेतल्या यंत्रांना आवाज बांधायला-सोडवायला लागणारा वेळ त्यात मिळतो. इरिडियम या सॅटेलाइट फोन सेवेचे उपग्रह सुमारे ७८० किमीवरच फिरतात. त्या फोनवर हाच प्रयोग केला तर अंतराचा वाटा जवळजवळ उरतच नाही. दोन्ही करता आले तर जरूर करा. कॉलचा आम्हाला झालेला सगळ्यात मोठा शैक्षणिक उपयोग हाच.

डेटा फाइल

फाइलमध्ये सात रकाने: वेळ, अक्षांश, रेखांश, हवेचा दाब, तापमान, आर्द्रता आणि गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज. शेवटचा रकाना बनवणाऱ्यांनी बहुधा स्वतःच्या सोयीसाठी ठेवला असावा. आमच्या तासांत तोच सर्वात जास्त चघळला गेला.

सुरुवातीच्या चुका सगळीकडे त्याच होतील. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. ती स्थानिक वेळेत बदलली नाही तर दुपारचा उकाडा भलत्याच तासाला दिसतो. अक्षांश दशांशात असतात. १८.५० म्हणजे १८ अंश ३० मिनिटं, पण मुलं हटकून १८ अंश ५० मिनिटं वाचतात. तेवढ्यानेच नकाशावर गाडी सुमारे ३७ किमी सरकते. जीपीएसला उपग्रह सापडले नाहीत की दोन्ही रकान्यांत शून्य येतं आणि गाडी गिनीच्या आखातात पोहायला लागते. असे बिंदू आधी गाळायचे, पण मुलांना ते एकदा नकाशावर बघू द्या, हसू द्या.

ट्रॅकर दर दहा मिनिटांनी एक बिंदू टाकतो. ताशी ४० किमी वेगात दोन बिंदूंमध्ये साधारण पावणेसात किमी अंतर पडतं आणि नकाशा ते सरळ रेषेने जोडतो. सपाट रस्त्यावर फरक कळत नाही. घाटातली वळणं मात्र सगळी कापली जातात आणि ट्रॅकरचं अंतर गाडीच्या ओडोमीटरपेक्षा बरंच कमी भरतं. मुलांचा पहिला निष्कर्ष असतो की ट्रॅकर बिघडलाय. तेव्हा एखाद्या सपाट दिवसाचे बिंदू एकाआड एक गाळायला सांगा, मग घाटाच्या दिवसाचे. नमुना घेण्याचं अंतर म्हणजे काय, हे समजावून सांगायची गरज पडत नाही.

आता त्या ८५ अंशांविषयी. तापमानाला डीएस१८बी२० हा सेन्सर आहे. अधूनमधून फाइलमध्ये बरोबर ८५.० अंश सेल्सिअस यायचं. आधीचं वाचन १२, नंतरचं १२, मध्येच ८५. नववीच्या गटाने ते सगळे ८५ वेगळे काढून व्होल्टेजच्या आलेखावर ठेवले. बहुतेक सगळे सकाळी किंवा थांब्यानंतर, म्हणजे इंजिन सुरू होण्याच्या क्षणी पडलेले. कारण सरळ आहे. स्टार्टर फिरताना बारा व्होल्टची बॅटरी क्षणभर १० व्होल्टच्या आसपास कोसळते, नोंदयंत्र बंद पडून पुन्हा चालू होतं, आणि वीज नुकतीच मिळालेला हा सेन्सर पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत ८५ हाच आकडा दाखवतो. १२ बिटच्या वाचनाला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात. प्रोग्राम तेवढा थांबत नव्हता. दोन उपाय चमूला कळवले: वाचनाआधी एक सेकंद थांबा, आणि नोंदयंत्राला गाडीच्या बॅटरीवरून थेट वीज न देता मध्ये छोटी बॅटरी ठेवा. दोन्ही केल्यावर ८५ बंद झाले.

त्याच रकान्यात इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ आणि रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या जवळ दिसायला हवं. इंजिन चालू असूनही आकडा १२.५ च्या वर जात नसेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र), त्याचा पट्टा किंवा जोडणी तपासायची वेळ आलीय. फाइल वाचणाऱ्या मुलाला हे गाडीपासून कितीही दूर बसून कळतं.

दाब आणि उंचीच्या आलेखात एक मोठा सापळा आहे. आमच्या फाइलच्या जुन्या आवृत्तीत आणखी एक रकाना होता, उंचीचा. दाब आणि उंची यांचा आलेख काढला तर सगळे बिंदू एका रेषेवर, एकही इकडेतिकडे नाही. मुलं खूश. पण ती उंची दाबावरूनच काढलेली होती, म्हणजे सूत्राने सूत्रालाच शाबासकी दिली! उंची जीपीएसची घ्या. मग बिंदू विखुरतात, कारण हवामान बदललं की दाब १० हेक्टोपास्कलने सहज हलतो आणि समुद्रसपाटीजवळ तेवढ्याचा अर्थ ८० मीटरहून अधिक उंची होतो. तरी त्या विखुरलेल्या ढगातून ३,००० मीटरला सुमारे ७०० आणि ५,५०० मीटरला जवळजवळ निम्मा दाब डोळ्यांना दिसतो. जीपीएसच्या उंचीतही एक खोच आहे: काही रिसीव्हर पृथ्वीचा गणिती आकार म्हणून मानलेल्या लंबवर्तुळाकार गोलकापासूनची उंची देतात, समुद्रसपाटीपासूनची नाही. जागेनुसार हा फरक शंभर मीटरच्या आसपासही जातो. सेटिंग तपासून घ्या.

सावलीची काठी

लागतं काय: एक मीटर सरळ काठी, ओळंबा, पांढरा कागद, मोजपट्टी, घड्याळ. दोन्ही टोकांना तेच सामान.

काठी सपाट जागी उभी करून ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा. स्थानिक मध्यान्हाच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वात छोट्या सावलीला काठीच्या लांबीने भागलं की येतो तो सूर्याच्या खमध्यापासूनच्या (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासूनच्या) कोनाचा टॅन्जंट. शाळेचा कोन आणि गाडीचा कोन यांतला फरक गुणिले १११ किमी, हे दोन ठिकाणांमधलं उत्तर-दक्षिण अंतर. फक्त उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम त्यात येत नाही.

चुका कुठे होतात ते नीट सांगतो, कारण इथेच सगळी मजा आहे. सूर्य बिंदू नाही, त्याची तबकडी अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे सावलीचं टोक पुसट दिसतं आणि दोघं मोजणारे सहज ५ मिलिमीटरने वेगळे वाचतात. सूर्य ४५ अंशांवर असेल तर त्या ५ मिलिमीटरचे जमिनीवर सुमारे १६ किमी होतात. काठी सावलीच्या दिशेत एक अंश कलली तर टोक १७ मिलिमीटर सरकतं आणि चूक ५५ किमीवर जाते. म्हणजे ओळंबा मोजपट्टीपेक्षा महत्त्वाचा. गाडीच्या बाजूला वाऱ्याने ओळंबा झुलतो, तो पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवला की स्थिरावतो.

दोन्ही मोजमापं एकाच दिवशीच हवीत. विषुवदिनाच्या आसपास सूर्याची क्रांती (विषुववृत्ताच्या पातळीपासूनचा त्याचा उत्तर-दक्षिण कोन) रोज ०.४ अंशाने बदलते, म्हणजे एक दिवस चुकला की ४४ किमी गेले. आणि उष्ण कटिबंधात एक खास फसवणूक: सूर्य एका ठिकाणाच्या उत्तरेला आणि दुसऱ्याच्या दक्षिणेला असू शकतो. तेव्हा कोन वजा करायचे नाहीत, मिळवायचे. सावली कोणत्या दिशेला पडली हे वहीत लिहिलेलं नसेल तर नंतर काहीही कळत नाही. आमची एक पूर्ण जोडी याच कारणाने वाया गेली.

मध्यान्हाच्या वेळेतल्या फरकावरून रेखांश काढता येतो, चार मिनिटांना एक अंश. पण सर्वात छोट्या सावलीची वेळ पकडणं अवघड, कारण तेव्हा सावली जागची फारशी हलत नाही. दहा मिनिटांची चूक म्हणजे अडीच अंश. त्याऐवजी काठीभोवती वर्तुळ काढा, सकाळी सावलीचं टोक त्याला कधी टेकलं आणि दुपारी कधी, ते लिहा आणि मधली वेळ घ्या.

पृथ्वीचा घेर काढणार असाल तर पुन्हा तोच सापळा. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने ७.२ अंशांचा फरक, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, आणि पाच हजार स्टेडिया (तेव्हाचं लांबीचं एकक) अंतर वापरलं. मुलं मात्र अंतर ऑनलाइन नकाशावरून घेतात, आणि त्या नकाशाला घेर आधीच माहीत असतो. गाडी सरळ उत्तर-दक्षिण रस्त्यावर असेल त्या दोन दिवसांत, दोन्ही टोकांना गाडीनेच काठी लावायची आणि ओडोमीटरचं अंतर घ्यायचं. असा रस्ता मार्गात कधी येतो ते सुरुवातीलाच नकाशावर शोधून ठेवा.

टायर आणि उकळतं पाणी

टायरचा दाब हा वायूच्या नियमासाठी हुकमी धडा. सकाळी २० अंशांना गेजवर ३५ पीएसआय. हवा ५० अंशांपर्यंत तापली तर किती? मुलं सेल्सिअसमध्ये गुणोत्तर मांडून ८७.५ आणतात, म्हणजे टायर फुटलाच. केल्विन घेतलं तरी अर्धवटच, कारण गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. ३५ मध्ये १४.७ मिळवा, ३२३ भागिले २९३ ने गुणा, १४.७ परत वजा करा: ४० च्या आसपास. चमूकडून सकाळचे आणि प्रवासानंतरचे आकडे मागवले की पडताळा मिळतो. टायरच्या आतल्या हवेचं तापमान बाहेरून नेमकं कळत नाही, त्यामुळे उत्तर तंतोतंत जुळणार नाही. घाट चढल्यावर तापमान तेच राहिलं तरी गेज वाढतो, हा बोनस.

उकळत्या पाण्याचं मोजमाप दोन्हीकडे केलं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश उतरतो, ३,००० मीटरवर ९० च्या जवळ. थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात शून्यावर तपासा आणि बुडाला टेकवू नका.

घेणार असाल तर

गाडीवरचा तापमानाचा सेन्सर बॉनेटपासून लांब, पांढऱ्या झरोकेदार पेटीत आहे का ते विचारा. आमच्याकडे पहिला महिना तो इंजिनचीच उष्णता मोजत होता. शाळेचा सेन्सर भिंतीला चिकटवू नका, जमिनीपासून दीड मीटरवर मोकळ्या हवेत लावा. दाब आणि आर्द्रता मोजणारा बीएमई २८० सेन्सर म्हणून बीएमपी २८० हातात पडतो, त्यात आर्द्रता नसते. संच आल्या दिवशी तपासा.

मुलांना दिसणारं गाडीचं ठिकाण एक दिवस उशिराचं असावं, चमूच्या सुरक्षेसाठी. कॉलवर मुलांची पूर्ण नावं घेऊ नयेत.

शिक्षकाला आठवड्याला तीन तास जादा धरा, त्यातला निम्मा वेळ फाइल साफ करण्यात जातो. मोहीम आठ-दहा दिवस गप्प पडण्याची शक्यताही धरा. अशा वेळी जुन्या फाइलींवरचा एखादा प्रश्न तयार असू द्या. आमच्याकडे तो नव्हता आणि नेमक्या परीक्षेच्या आठवड्यात गाडी सर्वात उंच खिंडीतून गेली. तेव्हाचे दाबाचे आकडे अजून कुणी उघडून बघितलेले नाहीत.