लॉ सीईटीची कॅप प्रवेशप्रक्रिया: जागावाटप चोख, कागदांचा टप्पा कठीण

महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांत तीन किंवा पाच वर्षांच्या एलएलबीसाठी कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घ्यायचा, तर सगळं काम राज्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) घेणाऱ्या राज्य सीईटी सेलच्या पोर्टलवर होतं. (मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं यात नाहीत, त्यांना क्लॅट ही वेगळी राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते.)

जागावाटपाला पूर्ण गुण द्यायला हवेत. गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाप्रमाणे एकेकाचा पसंतीक्रम वरून खाली पाहिला जातो आणि त्याला लागू असलेली जागा जिथे पहिल्यांदा शिल्लक दिसेल, ती त्याला मिळते. फॉर्म पहिल्या दिवशी भरला की शेवटच्या, याने काही फरक पडत नाही. मुंबईचं 1855 सालचं शासकीय विधी महाविद्यालय असो की पुण्याचं आयएलएस, कॅपच्या जागांसाठी कुणाच्या ओळखीची गरज नाही. सामान्य घरातल्या मुलामुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे.

घोटाळा होतो तो त्याआधी. सीईटीचा अर्ज आणि कॅपची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा दिली, निकाल चांगला लागला म्हणून नाव आपोआप यादीत येत नाही. कॅपसाठी पुन्हा नोंदणी, पुन्हा शुल्क, पुन्हा कागद. तारखा निघाल्या की लगेच भरावं, कारण खरा वेळ फॉर्मला नाही, स्क्रुटिनीला म्हणजे कागदांच्या छाननीला लागतो.

स्क्रुटिनीत अपलोड केलेला प्रत्येक कागद फॉर्ममधल्या माहितीशी ताडून पाहिला जातो. त्रुटी निघाली की अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. मेसेजची वाट पाहत बसू नका, रोज एकदा लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सबमिट केला नाही, तर तो तिथेच अडकतो.

सर्वांत जास्त गोंधळ नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राचा, म्हणजे ओबीसी वगैरे प्रवर्गातलं कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असं सांगणाऱ्या दाखल्याचा. 2026-27 च्या प्रवेशाला ते 31 मार्च 2027 पर्यंत वैध हवं. प्रमाणपत्राच्या खालच्या भागात वैधतेची ओळ असते, ती वाचा. तिथे 31 मार्च 2026 असेल, तर प्रवेश सुरू होण्याआधीच ते संपलेलं आहे. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी काढलेला नमुनाही इथे चालत नाही, राज्याचाच लागतो. जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणीची व्हॅलिडिटी हे दोन निराळे कागद आहेत. व्हॅलिडिटीला महिने लागू शकतात, म्हणून तो अर्ज सीईटीच्या फॉर्मबरोबरच टाकावा. हे कागद वेळेत नसतील तर आरक्षणाचा दावा जातो आणि अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो. क्रमांक तोच राहतो, पण हातातलं कॉलेज निसटतं.

दुसरी अडचण गुणांची. मार्कशीटवर टक्क्यांऐवजी फक्त सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) असेल तर टक्केवारी मनाने काढून भरू नका. विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र घ्या आणि तोच आकडा टाका. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 45 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्के लागतात. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण दहावी-बारावी रीतसर झालेली हवी. बारावी न करता पूर्वतयारीच्या मार्गाने थेट पदवीला गेलेले बार कौन्सिलच्या (वकिली आणि विधी शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमांत बसत नाहीत, आणि हे सीईटी देण्याआधीच तपासलेलं बरं.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडावी. स्कॅन करताना मार्कशीटची मागची बाजूही घ्या. शिक्का आणि बारकोड स्पष्ट दिसत नसेल तर कागद खरा असूनही परत येतो.

स्क्रुटिनीनंतर आधी वर्णानुक्रमे यादी लागते. तिच्यात आपलं नाव, प्रवर्ग आणि गुण ओळीओळीने तपासा आणि चूक असेल तर तेव्हाच हरकत नोंदवा. अंतिम गुणवत्ता यादी लागल्यावर ऐकणारं कुणी नसतं.

पसंतीक्रमात लोक भीतीपोटी चूक करतात. ‘नक्की मिळेल’ असं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतात. मग तेच मिळतं, आणि खाली लिहिलेल्या अधिक आवडीच्या कॉलेजचा विचारच होत नाही. खरी आवड वर, खात्रीचं खाली, एवढंच सूत्र. वर लिहिलेलं मिळालं नाही म्हणून खालच्या कॉलेजची संधी कमी होत नाही. मागच्या वर्षीचा कट-ऑफ अंदाजासाठी बघा, पण आपल्याच प्रवर्गाचा आणि त्याच राउंडचा. पहिल्या राउंडचा आकडा पाहून कॉलेज यादीतून काढून टाकू नका, पुढच्या राउंडला तो बऱ्याचदा खाली येतो. जिथे खरोखर जायचं नाही, ते कॉलेज मात्र लिहूच नका.

माहिती पुस्तिका लांबलचक आहे, भाषा रुक्ष आहे, आणि ‘हा कागद कुठल्या दाखल्याऐवजी चालेल’ हे शोधायला फार पानं उलटावी लागतात. इथे सुधारणेला भरपूर वाव आहे. प्रवर्गवार एका पानाची यादी दिली तरी निम्मे अर्ज परत जाणार नाहीत.

जागा मिळाली की मुदतीत ती स्वीकारून कॉलेजात मूळ कागदांसह हजर व्हावं लागतं. शेवटच्या दिवसावर ढकलू नका. शाळा सोडल्याचा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला जुन्या कॉलेजातून काढायलाच दोन-तीन खेपा होतात, आणि दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्रासाठीही आधीच अर्ज केलेला असावा.