डेकला काय लावायचं: मुरणारं तेल, वर बसणारा स्टेन की नुसता सीलर?

दारावर वर्षानुवर्षं टिकणारं वार्निश डेकवर थोड्याच काळात सुटतं. यात वार्निशचा दोष कमी आणि जागेचा जास्त. डेक म्हणजे घराबाहेरचा लाकडी फळ्यांचा उघडा ओटा, आणि त्याची फळी आडवी असते. ऊन तिच्यावर सरळ पडतं, पाणी तिच्यावर साचतं, वरून पायांची आणि खुर्च्यांची घासाघीस चालते आणि खालून जमिनीची ओल चढते. लाकडाचे इतके हाल घरात दुसरीकडे कुठे होत नाहीत.

म्हणून डबा निवडताना त्यावरची रंगछटा सगळ्यात शेवटी पाहावी. आधी पाहायचं ते हे, की दोन-तीन वर्षांनी हे फिनिश कसं जुनं होणार आणि तेव्हा ते नव्याने लावायला किती खपावं लागणार. काही फिनिश हळूहळू फिकी पडतात, काहींचे पोपडे निघतात. माझ्या मते सगळा निर्णय या एका फरकावर करावा, आणि पुढची तुलना मी त्याच मापाने केली आहे.

ऊन वेगळं, पाणी वेगळं

स्टेन (लाकडाला रंग देणारं फिनिश) घ्यावा की सीलर (पाणी आत शिरू न देणारं फिनिश), हा प्रश्न बरेच जण विचारतात. उत्तरासाठी आधी लाकडाचं काय बिघडतं ते पाहावं लागेल. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन तोडतात. लिग्निन म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा पदार्थ. तो तुटला की पावसाने धुऊन जातो आणि वर राखाडी, भुसभुशीत तंतू उरतात. पाण्याचं काम निराळं आहे. फळी ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि हे फुगणं-आकसणं लांबीत जवळजवळ नसतं, रुंदीत मात्र बरंच असतं. त्यातून चिरा पडतात, फळ्या वाकतात, खिळे वर येतात.

सीलर पाणी अडवतो. ऊन अडवतं ते रंगद्रव्य, म्हणजे स्टेनमधली रंगाची बारीक पूड. डेकसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्टेनमध्ये दोन्ही असतं: तेल किंवा रेझिन (राळेसारखा बांधून ठेवणारा पदार्थ), पाणी झटकणारे घटक आणि रंगद्रव्य. तेव्हा ‘आधी स्टेन, मग वरून सीलर’ हा दुहेरी खटाटोप सहसा लागतच नाही. उलट, तेलाच्या स्टेनने लाकडाची छिद्रं भरल्यावर त्यावर मारलेल्या सीलरला आत शिरायला वाव उरत नाही. तो वरच चिकट राहतो, पुढे सुटतो. दोन टप्प्यांची पद्धत स्वतः उत्पादकाने सांगितली असेल तरच ती करावी.

नुसता पारदर्शक सीलर

लावल्यावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहतात आणि मन प्रसन्न होतं. पण रंगद्रव्य नसल्यामुळे ऊन थेट लाकडावर पडतं आणि फळ्या राखाडी होतातच. काही सीलरमध्ये अतिनील किरण शोषणारी रसायनं असतात. त्यांनी राखाडीपणा थोडा लांबतो, टळत नाही. साधारण वर्षभरात पुन्हा लावायची तयारी हवी. ज्यांना तो चंदेरी-राखाडी रंगच आवडतो आणि फक्त चिरा कमी पडाव्यात एवढीच अपेक्षा आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय चांगला आहे. फक्त मेण किंवा पॅराफिन असलेला सीलर घेताना विचार करावा. पुढे कधी स्टेन लावायचं ठरलं तर ते मेण पूर्ण काढल्याशिवाय दुसरं काही धरत नाही.

तेलाचा मुरणारा स्टेन आणि पाण्याचा स्टेन

खरी निवड या दोघांत असते.

तेलाचा अर्धपारदर्शक स्टेन लाकडात शिरतो. वर थर जवळजवळ राहत नाही, म्हणून पोपडे निघायला काही नसतं. तो फिका पडत जातो, आधी वर्दळीच्या वाटेवर, मग कडांना. दोन-तीन वर्षांनी, भर उन्हात असेल तर त्याआधीही, डेक धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि एक हात मारायचा, झालं. खरवडणं नाही, यंत्राने घासणं नाही. लाकडाच्या रेषा दिसत राहतात आणि रंगाला खोली येते, जी पाण्याच्या स्टेनला क्वचित जमते.

त्याच्या अडचणीही खऱ्या आहेत. वास उग्र असतो, वाळायला वेळ लागतो, ब्रश धुवायला टर्पेंटाइन लागतं. जवसासारख्या वनस्पती तेलावर बुरशी पोसली जाते, त्यामुळे सावलीतल्या दमट डेकवर काळे ठिपके येऊ शकतात. बुरशीनाशक असलेलाच डबा घ्यावा. स्वयंपाकघरातल्या पाटाला चोळायचं निव्वळ जवसाचं तेल डेकला चालेल, हा समज सोडून द्यावा. ते हळू वाळतं, काळवंडतं आणि उन्हाला अडवत नाही.

सगळ्यात मोठी गडबड मात्र माणसाच्या हातून होते. लाकूड पिईल तेवढंच तेल लावायचं असतं. पंधरा-वीस मिनिटांनी वर चकाकणारे ओघळ दिसले तर ते कापडाने पुसून काढावेत. न पुसलेलं तेल वरच वाळतं, चिकट पापुद्रा धरतं, त्यावर धूळ बसते आणि मुरणाऱ्या स्टेनचा सगळा फायदा निघून जातो.

पाण्याचा, म्हणजे अॅक्रिलिकचा स्टेन या अडचणी दूर करतो. वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो, काही तासांत वाळतो, बुरशीला खाद्य कमी आणि रंग उन्हात जास्त काळ टिकतो. उभ्या भागांवर, म्हणजे कठड्यावर आणि खांबांवर, मी तोच निवडेन. जमिनीच्या फळ्यांवर मात्र मला तो तितकासा पटत नाही. तो लाकडात कमी शिरतो, वर जास्त बसतो. चालण्याच्या पट्ट्यात तो झिजतो किंवा सालीसारखा सुटतो. तिथे पुन्हा लावला तर ठिगळ वेगळं दिसतं, आणि दोन-तीन वेळा असे थर चढले की एक दिवस सगळं खरवडून काढणं अटळ होतं. शिवाय तो इतक्या लवकर वाळतो की उन्हात काम केलं तर जिथे ब्रश थांबला तिथे गडद पट्टा कायमचा राहतो. उपाय सोपा आहे: दोन-तीन फळ्या घ्याव्यात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता पुऱ्या कराव्यात, मग पुढच्या घ्याव्यात. रोलरने लावला तरी मागून ब्रश फिरवून तो लाकडात घोळवावा.

तेल आणि पाणी यांचं मिश्र रूप असलेले स्टेनही मिळतात. ते ठीक असतात, पण तो मुरतो की वर बसतो हे लेबलवरून कळलं नाही तर फळीच्या उरलेल्या तुकड्यावर लावून आठवडाभर बाहेर ठेवावा.

गडद अपारदर्शक स्टेन आणि डेक पेंट

हे लाकडाच्या रेषा पूर्ण झाकतात. रंगद्रव्य भरपूर असल्यामुळे ऊन उत्तम अडवतात, डागाळलेल्या आणि ठिकठिकाणी बदललेल्या फळ्या एकसारख्या दिसतात. कठड्यावर यांच्याइतकं टिकाऊ काही नाही.

पायाखाली मात्र गोष्ट बदलते. पाणी वरूनच येतं असं नाही. फळीच्या खालून, टोकांतून, स्क्रूच्या भोकांतून ते आत जातं. वरचा घट्ट थर त्याला बाहेर पडू देत नाही. मग ऊन तापलं की थर फुगतो, फाटतो आणि त्या फाटीतून आणखी पाणी जातं. थराखाली ओल कोंडलेलं लाकूड उघड्या लाकडापेक्षा लवकर कुजू शकतं. दुसरं असं की इथून परतीची वाट फार कष्टाची आहे. अपारदर्शक स्टेन लावलेल्या डेकवर पुन्हा लाकडाच्या रेषा पाहायच्या असतील तर प्रत्येक फळी घासावी लागते. गडद रंगाची फळी उन्हात तापतेही जास्त. घरात अनवाणी फिरणारी मुलं असतील तर फिकी छटा घ्यावी.

जुन्या डेकला नवा करण्याचा दावा करणारे, वाळूसारखी भुकटी मिसळलेले जाड लेपही बाजारात आहेत. फळ्या बदलायच्याच आहेत आणि मध्ये एखाद-दोन वर्षं काढायची आहेत, एवढ्यापुरतेच मी ते सुचवेन. सुटायला लागले की ते जाड खपल्यांनी सुटतात.

लाकूड कोणतं आहे?

दाबाखाली रसायन भरलेलं नवं पाइन आतून ओलं असतं आणि वाळायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. पाण्याची परीक्षा करावी: फळीवर थोडं पाणी शिंपडायचं. काही मिनिटांत शोषलं गेलं तर लाकूड तयार आहे, थेंब तसेच राहिले तर थांबावं. ओलावा मोजण्याचं मीटर असेल तर पंधरा टक्क्यांच्या खालचा आकडा हवा.

सागवान, इपे (दक्षिण अमेरिकेतलं एक कठीण लाकूड) यांसारखी घट्ट लाकडं स्टेन फार कमी पितात. त्यांच्यावर वर बसणारं काहीही लावू नये. घट्ट लाकडासाठीच बनवलेलं पातळ तेल, एकच हात, आणि उरलेलं लगेच पुसून काढणं. सीडर किंवा पाइन याच्या उलट, भरपूर पितात.

जुना डेक असेल तर घासण्याआधी एक खबरदारी आहे. पूर्वी लाकडाला क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असलेलं रसायन सर्रास भरत. अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती बांधकामासाठी ते बंद झालं. त्या काळातल्या हिरवट फळ्या कोरड्या घासून धूळ उडवू नये आणि त्यांचे तुकडे कधीही जाळू नयेत.

तयारीत कुठे चुकतं

डबा कितीही चांगला असला तरी मळलेल्या लाकडावर तो टिकत नाही. धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेटचं क्लिनर वापरावं. त्यातला ऑक्सिजन शेवाळ आणि मळ सोडवतो. त्यानंतर ऑक्झॅलिक अॅसिडचं ब्राइटनर, हातमोजे आणि चष्मा घालून. त्याने राखाडीपणा उतरतो, खिळ्यांभोवतीचे काळे डाग जातात आणि क्लिनरचा क्षार शमतो. क्लोरीनचं ब्लीच टाळावं. ते लाकूड पांढरं करतं खरं, पण तंतूही पोखरतं. प्रेशर वॉशर जवळ धरला तर फळीवर लव उठते आणि चरे पडतात, म्हणून पंख्यासारखा पसरणारा नोझल लावून लांबूनच फिरवावा.

पॉलिश पेपर साठ ते ऐंशी नंबरचा पुरे. फर्निचरसारखी गुळगुळीत फळी हाताला छान लागते, पण तिची छिद्रं बुजतात आणि तेल आत जात नाही.

फळीची कापलेली टोकं बहुतेक जण विसरतात. लाकूड म्हणजे आतून पोकळ काड्यांची जुडी आणि टोकाला त्या सगळ्या काड्या उघड्या असतात. पाणी फळीच्या पाठीपेक्षा तिथून कित्येक पट वेगाने आत जातं. कुजायला सुरुवातही बहुधा तिथूनच होते. टोकांना स्टेनचे दोन-तीन हात द्यावेत. नवा डेक बसवत असाल तर फळी ठोकण्याआधीच टोकं आणि खालची बाजू रंगवून घ्यावी, नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही.

लावण्याचा दिवस ढगाळ पण कोरडा असावा, तापमान साधारण दहा ते तीस अंश सेल्सियस, आणि पुढचा किमान एक दिवस पावसाचा नसावा.

कोणी काय घ्यावं

दर दोन-तीन वर्षांनी एक दिवस डेकला द्यायची तयारी असेल तर जमिनीला तेलाचा अर्धपारदर्शक स्टेन आणि कठड्याला त्याच छटेचा पाण्याचा किंवा अपारदर्शक स्टेन. बहुतेकांना मी हेच सांगेन. डेक दाट सावलीत, ओलसर जागी असेल तर जमिनीलाही पाण्याचा अर्धपारदर्शक स्टेन बरा. तिथे ऊन कमी आणि बुरशी जास्त. फळ्या डागाळलेल्या पण मजबूत असतील तर अपारदर्शक. डेकवर आधीच अॅक्रिलिकचा थर असेल तर एकतर तोच प्रकार पुढे चालू ठेवावा किंवा सगळा काढून लाकूड उघडं करावं. त्या थरावर तेल मारलं तर ते मुरत नाही, नुसतं तरंगतं.

तेल निवडलं तर वापरलेल्या चिंध्यांकडे नीट लक्ष द्यावं. वाळताना तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि उष्णता सोडतं. चुरगळून ढिगात टाकलेल्या चिंध्यांमध्ये ती उष्णता साठते आणि काडी न ओढताही आग लागू शकते. चिंध्या एकेक करून बाहेर मोकळ्या हवेत पसरून कडक वाळू द्याव्यात, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात. हे काम संपल्यावर नाही, त्याच संध्याकाळी, ब्रश धुण्याआधी करावं.